नारळ ठेवलेला स्विच

भिकाजीशेठना अक्कल विकत घ्यायची सोय असती, तर तीही त्यांनी पुतण्याच्याच दुकानातून घेतली असती.

रत्नागिरीत त्यांचं स्कॅन सेंटर आहे. तिथलं वायरिंग आणि नेटवर्क मी बघतो. मध्यंतरी त्यांच्या पुतण्याने, गौरवने, मुंबईहून एक नवं स्टोरेज आणून काकांच्या गळ्यात मारलं. स्टोरेज म्हणजे सगळ्या पेशंटांचे स्कॅन साठवायचं कपाट. "काका, दहा गिगचं आहे! डोळ्याचं पातं लवायच्या आत स्कॅन उघडेल." दहा गिग हा वेगाचा आकडा, हे काकांना ठाऊक नव्हतं. पुतण्याला तरी होतं की नाही, देव जाणे.

मग रीतसर नारळ ठेवून गाऱ्हाणं झालं. "बा म्हाराजा, कुणाची वाकडी नजर या पेटीवर पडली असंल, तर ती मागारी फिरव रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" सगळा स्टाफ ओरडला. मीही ओरडलो. प्रसादाचं खोबरं कोण सोडतो?

आणि स्कॅन काही झटकन उघडेना. उघडेल कसा? स्कॅनचं यंत्र, नवं स्टोरेज आणि डॉक्टरांचा संगणक, सगळ्यांच्या केबल एका स्विचमध्ये येतात, आणि तो ज्याचा माल त्याला पोचवतो. हा स्विच शेठच्या वडिलांनी सेंटर उघडताना घेतलेला. नव्या पेटीच्या वेगाच्या शंभराव्या हिश्श्याने चालणारा. हमरस्त्याने आलेला ट्रक ओढ्यावरच्या लाकडी साकवावर घालायचा आणि वर ड्रायव्हरला शिव्या द्यायच्या, तसली ही हुशारी.

"शेठ, आधी हा स्विच बदला," मी सांगितलं.

"बाबांनी त्याच्यापुढं नारळ ठेवलान. त्याला हात लावायचा नाय."

नारळाने वेग वाढत असता तर कोकणात एव्हाना विमानं झाडाला लागली असती! पण शेठपुढे बोलणार कोण? ते म्हणतील ती पूर्व दिशा.

शिव्या खायला माणूस मात्र लागतोच. तो सापडला: स्कॅन काढणारी दर्शना. मूळची गुहागरची. नवरा पडून दुखापत होऊन घरी बसलेला, घर हिच्या पगारावर. गौरव म्हणाला, "काका, यंत्र फस्क्लास आहे, ही बाईच संथ आहे." शेठनी तिला बजावलं, महिनाअखेरपर्यंत काम सुधारलं नाही तर घरी बसायचं. ती बिचारी जेवायची सुट्टीही घेईनाशी झाली. मला भयंकर संताप आला.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी सेंटर बंद होतं. मी चावी घेतली आणि माझ्याकडचा एक नवा स्विच स्टोरेजच्या मागे बसवून सगळ्या केबल त्याच्यात हलवल्या. बाबांचा स्विच जागेवर तसाच ठेवला, नुसता दिवे लागलेला. सोमवारी वेग दाखवायचा आणि मग खरं सांगायचं, असा माझा बेत होता.

सोमवारी गेलो तर स्कॅन क्षणात उघडत होते. डॉक्टर खूश. पण यंत्रापाशी दर्शना नव्हती, गौरवच्या ओळखीची कोणी ईशा होती.

"बघितलंस सदू?" शेठ म्हणाले. "दर्शनाला काल फोन करून येऊ नको सांगितला, नि आज काम कसा भराभर होतंय!"

मी सगळं सांगून टाकलं. शेठना पटेना, म्हणून बाबांच्या स्विचचा प्लग उपटला. त्याचे दिवे गेले, स्कॅन उघडतच राहिले. गौरव फोनमध्ये डोकं घालून बसला. शेठनी स्वतः दोन स्कॅन उघडून बघितले.

"मग बोलवा दर्शनाला," मी म्हटलं.

"आता बोलावली तर चूक आपली होती असा होतंय. लोक काय म्हणतील?"

म्हणजे कळलं होतं! कळूनही! माझा स्विच तिथल्या तिथे उचकटून न्यावा असं वाटलं, पण बाहेर बाकावर पेशंट बसले होते. तसाच अंगणात आलो आणि दर्शनाला फोन लावला. काय झालं ते सांगितलं.

"म्हणजे माझी चूक नव्हती ना, सदूदादा?" ती म्हणाली. "एवढं शेठनी माझ्या नवऱ्याला फोन करून सांगितलं तरी पुरे. सांगतील ना?"