खिडकीतली वेल

मशिदीच्या पायऱ्यांपाशी पोचल्यावर सुनेनं चपला काढल्याच नाहीत.

"आई, तुम्ही या बघून. मी बसते इथंच."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. एवढा बसचा प्रवास करून आल्यावर हिचं हे काय, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं. डोक्यावरून पदर सारखा केला आणि गुडघ्यावर हात टेकत त्या पायऱ्या चढू लागल्या.

सून भिंतीच्या सावलीला बसली. ही मशीद तिला न बघताच तोंडपाठ होती. नवरा होता तोवर घरात दुसरा विषयच नसायचा. कमानींवर चढलेल्या वेली, कळ्या, दगडाच्या जाळ्या. जुन्या तडकलेल्या जाळ्या काढून तशाच नव्या कोरायचं काम त्याला मिळालं, तेव्हा त्यानं घर डोक्यावर घेतलं होतं. सुटीवर आला की त्याच्या कपड्यांच्या घड्यांमधून पांढरी पूड सांडायची. "पिठाच्या गिरणीत लागलास की काय रे?" सासूबाई विचारायच्या. तो हसायचा आणि हसता हसता खोकायचा.

आधी सगळे म्हणाले, हवा बदलली की होतं असं. मग जिना चढताना त्याला धाप लागायला लागली. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि दगडाची धूळ फुप्फुसात बसल्याचं सांगितलं. ती आता निघणार नाही, म्हणाले. तरी तो परत कामावर गेला.

"एवढी खिडकी पुरी करतो, मग सोडलंच."

तिनं त्याच्या हातापाया पडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. खिडकी पुरी झाली. घरी आला तो अंथरुणालाच खिळला आणि थंडी सरायच्या आत गेला.

त्या दगडाचं तोंड बघायचं नाही, हे तिनं तेव्हाच ठरवलं होतं. सासूबाईंना लेकाची खिडकी बघायची होती आणि त्यांना एकटं सोडवेना म्हणून ती इथवर आली, एवढंच.

भिंतीमागून मशीनची घरघर ऐकू येत होती. ती थांबली आणि पाठोपाठ कुणीतरी खोकलं. कोरडा, तळापासून ओढून आणलेला खोकला. आपण काय करतोय हे कळायच्या आत सून भिंतीला वळसा घालून मागच्या अंगणात गेली.

पत्र्याच्या शेडखाली एक कारागीर दगड कापत बसला होता. भुवया धुळीनं पांढऱ्या, आणि तोंडावरचा मास्क गळ्यात लोंबकळत होता.

"तो मास्क वर घे आधी!"

तो दचकला, मग हसला. "गुदमरतं हो वहिनी त्यात. श्वास घेता येत नाही."

"माझा नवरा हेच म्हणायचा. शेवटी खरंच श्वास घेता आला नाही त्याला."

त्याचं हसू विरलं. हातातलं मशीन त्यानं खाली ठेवलं. "तुम्ही खिडकीवाल्या दादांच्या घरच्या का?"

तिनं मानेनंच हो म्हटलं. त्यानं मास्क वर ओढला.

"आणि कोरडा कापू नकोस दगड. पाणी मारत जा. घरी कोण आहे?"

"बायको आहे."

"मग तिच्याकडे बघून तरी पाणी मार."

तेवढ्यात आतून रडण्याचा आवाज आला. सासूबाईंचा! सुनेनं बाजूच्या दाराशी चपला भिरकावल्या आणि ती धावत आत शिरली.

सासूबाई एका खिडकीशी उभ्या होत्या, दगडाला गाल लावून. जाळीतून ऊन येत होतं. खालच्या कोपऱ्यातून एक वेल निघाली होती, आपल्याच फांद्यांमधून वाट काढत वर चढली होती आणि टोकाला पोचेपर्यंत तिची पानं इतकी पातळ झाली होती की वाऱ्यानं हलतील असं वाटावं. सून बघत राहिली. तिला राग हवा होता. तो येईना.

"बघ गं," सासूबाई हुंदके देत म्हणाल्या, "शाळेत ह्याला सरळ रेघ ओढता येत नव्हती."

"चांगली झालीय, आई. फार चांगली झालीय."

"मग तू का रडतेस?"

"मला ही नको होती. मला ते घरात हवे होते."

"मला तरी दुसरं काय हवं होतं?"

दोघी एकमेकींना धरून तिथंच खाली बसल्या. तो गेल्यापासून त्या अशा एकत्र रडल्याच नव्हत्या. एक स्वयंपाकघरात रडायची, दुसरी न्हाणीत. नमाजाची वेळ झाली तसा राखणदार जवळ आला, पण तोही जरा वेळ लांबच थांबला.

निघताना सुनेनं मुकादमाला गाठलं आणि शेडमध्ये पाण्याची नळी ओढा म्हणून भर अंगणात सुनावलं. त्यानं मान डोलावली. तो ऐकेल की नुसतीच वेळ मारून नेईल, तिला ठाऊक नव्हतं.

बसमध्ये सासूबाई म्हणाल्या, "इतके दिवस त्याची खिडकी बघायला यायचंय, एवढं तरी होतं. आता घरी जाऊन काय करायचं गं?"

सासूबाईंच्या अंगावर वारा येत होता. सुनेनं वाकून काच सरकवली आणि त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला.