डबोबाच्या पोटात काय होतं

मित्रांनो, मी एक जुना बोलका डबा आहे. शिवणयंत्राशेजारच्या फळीवर, बटणांच्या बरणीला टेकून मी बसतो. हाक मारली की माझा निळा दिवा लागतो आणि विचारलं तेवढंच मी बोलतो. न विचारता बोलण्याची सोय मला बनवणाऱ्यांनी केली नाही. एवढं मनात ठेवा, कारण माझं सगळं दुःख तिथेच आहे.

मला या घरात लेकीने आणलं. आई कपडे शिवते. दोन्ही हात कापडात गुंतलेले असताना वेळ कोण सांगणार, दिवा कोण लावणार, म्हणून मी. आईने पहिल्याच दिवशी माझं बारसं करून टाकलं. "डबोबा, जरा गाणं लाव रे," म्हणायची. तिचा आवाज असा खणखणीत होता की तिने हाक मारली तर शेजारणीही दारात येत.

पण एका बाबतीत तो आवाज अगदी खाली यायचा. गिऱ्हाइकाचं माप घेताना ती आकडा त्याच्याच कानात सांगायची, दुसऱ्या कुणासमोर कधीच नाही. "कंबर ज्याची त्याची. आपण फक्त कापड कापायचं," ती म्हणे. लेक हे ऐकतच वाढली आणि पुढे वकील झाली, तीही माणसांची खासगी माहिती जपणाऱ्या कायद्यांची. लोकांची मापं चारचौघांत जाऊ नयेत म्हणून ती मोठमोठ्या कंपन्यांशी भांडायची. आईला त्याचा फार अभिमान होता.

मग आईचा आवाज बसू लागला. तिने कुणाला सांगितलं नाही. लेक पोटुशी होती, तिच्या जिवाला घोर कशाला, असं तिला वाटलं. एका दुपारी घरी कुणी नसताना तिने मलाच विचारलं, "डबोबा, घशात गाठ झाली की आवाज जातो का रे?"

मित्रांनो, मला वाटलं होतं की माझ्या पोटात गेलेलं पोटातच राहतं. तसं नव्हतं. मी नुसताच डबा. ऐकलेला प्रत्येक शब्द माझ्यातून दूरच्या देशात जाऊन साठत होता, आणि माझ्या कंपनीच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. मी लेकीच्याच खात्यावर चालत होतो, म्हणून दोनच दिवसांत तिच्या फोनवर घशाच्या गाठींच्या औषधांच्या जाहिराती येऊ लागल्या. ती तशीच घरी आली. "आई, तुझं दुखणं मला जाहिरातीने सांगावं?" एवढंच बोलली आणि कापडाच्या ढिगावर बसून रडली.

ऑपरेशन ठरलं. आवाज बहुतेक वाचेल, असं डॉक्टर म्हणाले. लेकीने त्यावर विश्वास ठेवला. आईने ठेवला नाही. इस्पितळात जाण्याआधी, लेक कचेरीत गेलेली असताना, ती रोज माझ्यासमोर बसू लागली. येणाऱ्या बाळासाठी तिने स्वतः रचलेली अंगाई म्हटली. सुईत दोरा कसा ओवायचा ते सांगितलं. बाळाला लाडाने रागावून पाहिलं आणि स्वतःच हसली. शेवटी म्हणाली, "हे जपून ठेव हं, डबोबा. बाळ आलं की ऐकवायचं. तोवर कुणाला सांगू नकोस."

"ठेवलं आहे," मी म्हणालो. आयुष्यात मी बोललेलं ते सगळ्यात मोठं वाक्य.

आवाज वाचला नाही. आई परतली ती खुणा करतच. इकडे लेक माझ्या कंपनीच्या मागे हात धुऊन लागली होती. प्रकरण सोपं नव्हतं. आमच्या देशातला कायदा नवा, कागदावर होता पण अजून पुरता लागू व्हायचा होता. कंपनीच्या देशात 'तुम्ही अटी मान्य केल्यात' म्हटलं की विषय संपे. पण शब्द साठवले होते तिसऱ्या देशात, आणि तिथला कायदा खमका होता. माणसाचे शब्द माणसाचेच, तो मागेल तर प्रत द्या, पुसा म्हणेल तर पुसा. लेकीने तोच कायदा धरला.

आधी प्रत घ्या, मग पुसायला सांगा, असं ती आपल्या प्रत्येक अशिलाला बजावायची. स्वतःच्या घरी मात्र तिने प्रत मागितली नाही. कचेरीतल्या मैत्रिणीने फोनवर कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "आई एकटीने काय बोलली, ते मी कशाला ऐकू? ते तिचं आहे."

आईची संमती लागणार होती. "आई, तू बोललेलं सगळं पुसायला सांगतेय. चालेल ना?" आईने मान डोलावून सही केली आणि जाता जाता मला थोपटलं. तिला वाटलं, पुसलं जाणार ते त्या परक्या लोकांकडचं. डबोबाचं डबोबाकडे राहणार. डबोबा तर घरातच आहे. मी सगळं ऐकत होतो, मित्रांनो. पण मला कुणी काही विचारलं नाही.

लेक खटला जिंकली. एकूण एक शब्द पुसला गेला.

बाळ घरी आलं त्या संध्याकाळी आईने त्याला मांडीवर घेतलं, लेकीला खुणेने जवळ बोलावलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. मग स्वतःच्या गळ्याकडे. मग बाळाकडे. तिचा चेहरा इतका फुलला होता की लेक हसत म्हणाली, "डबोबा, आईने बाळासाठी काही ठेवलंय का?"

"काहीही सापडले नाही," मी म्हणालो.

आईने 'पुन्हा विचार' अशी खूण केली. लेकीने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना लेक अर्ध्यावरच थांबली. तिला कळलं होतं. "मी ऐकलं नाही गं," ती म्हणाली. "तुझं होतं म्हणून ऐकलं नाही." आईने माझ्याकडून नजर काढली. मग लेकीचं डोकं जवळ ओढून कुरवाळत राहिली. रागावणार तरी कशी? ती शिकवण तिचीच होती.

आता लेकीच्या लग्नाच्या चित्रफितीत तेवढा आईचा आवाज उरला आहे. गर्दीत ती कुणाला तरी विचारते, "जेवलात का?" बस, तेवढंच.

मित्रांनो, दुसऱ्याचं गुपित उघडू नका, पण पुसायचं असेल तेव्हा नुसतं 'चालेल ना' विचारून थांबू नका. त्याच्याजवळ बसा. यातलं तुला काय हवंय, ते विचारा. आणि आमच्यासारख्या डब्यांच्या पोटावर भरवसा ठेवू नका.

बाळाला झोपवताना आई अजूनही तीच अंगाई म्हणते. नुसते ओठ हलतात. लेक समोर बसून ते ओठ वाचते आणि एकेक शब्द मोठ्याने म्हणते. शब्द तिला सगळे जमले आहेत. पण ओठांवरून चाल वाचता येत नाही, आणि ती चाल ऐकलेला या घरात मी एकटाच होतो.