काठावरचा वाटा

“उमाजीभाऊ, वाटा आणला गा तुमचा.”

देवाजीनं पळसाच्या पानांचं पुडकं ओट्यावर ठेवलं तेव्हा खाटेवरचा उमाजी जागाच होता. पण त्यानं डोळे गच्च मिटून घेतले. झोपलेल्याला जागं करता येतं, सोंग घेतलेल्याला नाही. देवाजीनं ते ओळखलं आणि उमाजीच्या बायकोकडं, कुंताबाईकडं पाहून तो हळूच म्हणाला, “दोन मोठे कतले मासे आहे, बाई. नुसते झिंगे नाई टाकले.”

“चहा ठेवतो ना भाऊ,” कुंताबाई म्हणाली.

“नाई, अजून वारलूच्या घरी जा लागते.”

गावच्या तळ्यात महाजाळ ओढलं की मासळीचे वाटे काठावरच पडत. दोराला हात लावलेला प्रत्येक जण मातीत बसे. देवाजी एकेकाचं नाव घेई, त्यानं उठायचं, पुढं व्हायचं आणि आपला वाटा ओंजळीत घ्यायचा. आजारी, म्हातारे, विधवा यांचे वाटे शेवटी घरी पोचवले जात. तेवढेच, एक झिंगा कमी नाही. मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या कुणा शहाण्या पूर्वजानं घालून दिलेली ही रीत चांगलीच होती, फक्त ती पहिल्यांदा ज्याच्या ओट्यावर येते त्याला चांगली वाटत नाही. उमाजीनं आयुष्यभर असे वाटे दुसऱ्यांच्या घरी नेऊन दिले होते. घेण्याची ही पहिलीच पाळी.

भादव्यात त्याच्या डोक्यात मलेरिया चढला होता. त्यातून तो वाचला, पण दोन महिने खाटेला खिळला आणि उठला तेव्हा अंगावर चामडीच तेवढी उरली होती. महाजाळाचा काठाकडचा दोर पाय रोवून धरणारा हा माणूस जेवायला खाली बसला की त्याला उठवायला दोघं लागू लागले. मग कुंताबाईनं त्याचं जेवण खाटेवरच आणलं. पाण्याचा लोटासुद्धा ती त्याच्या हाती देईना, स्वतःच तोंडाला लावी. कोणी भेटायला आलं तर एकच सांगे, “आराम करा भाऊ, जड उचलू नका.” साऱ्या गावानं मायेनं त्या माणसाच्या हातातली एकेक वस्तू काढून घेतली. मायेला कोण नाही म्हणणार?

देवाजी गेल्यावर उमाजी भिंतीकडं तोंड करून म्हणाला, “मले नोको देऊ त्यातलं.”

त्यांचा मुलगा प्रफुल बी.ए. होऊन वरोऱ्याच्या बसस्टँडजवळ गोपालच्या इंटरनेट कॅफेत बसत असे. पोरांचे निकाल काढून द्यायचे, नोकरीचे अर्ज भरून द्यायचे आणि उरलेल्या वेळात एक असं काम करायचं, जे तो गावात कुणालाच समजावून सांगू शकला नव्हता. परदेशातली एक वेबसाइट होती. तिच्यावर कुणी काही शोधलं तर यंत्रानं गोळा केलेला ढीग समोर न ओतता ती माणसांनी वाचून, पारखून निवडलेली चारदोन ठिकाणं दाखवायची. ही निवडणारी माणसं जगभर पसरलेली होती आणि त्यांतला एक वरोऱ्यात पडद्याआड, मांडीवर डिक्शनरी घेऊन बसला होता. आजवर त्यानं कुत्र्याचं खाणं, लग्नाचे केक आणि टक्कल या विषयांची पानं तयार केली होती. यांतलं काहीच त्याच्या घरी नव्हतं.

हिवाळ्यात त्याच्या वाट्याला विषय आला, वजन उचलण्याच्या व्यायामाचे आरोग्याला होणारे फायदे. प्रफुलनं तेल चोपडलेल्या, दंड फुगवलेल्या गड्यांची ठिकाणं भराभर निवडली आणि पान पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी ते परत आलं. तपासणाऱ्या बाईनं खाली एकच ओळ लिहिली होती : हे कोण शोधत असेल, याचा विचार केला का?

प्रफुलला आधी राग आला. कोण शोधणार? ज्याला दंड फुगवायचे तो! पण प्रश्न डोक्यातून जाईना. घाईगर्दीनं टाकून दिलेली ठिकाणं त्यानं पुन्हा उघडली. एक अगदी रुक्ष, चित्रं नसलेलं पान होतं, कुठल्याशा विद्यापीठाचं. म्हातारपणी ताकद जाते ती नुसत्या वयानं नाही, पडून राहिल्यानंही जाते, आणि हळूहळू भार देत गेलं तर सत्तरीतल्या स्नायूलाही पुन्हा बळ येतं, असं त्यात लिहिलं होतं. हाडं टिकतात, साखर ताब्यात राहते, तोल सांभाळला जातो, माणूस घसरून पडण्याचा धोका कमी होतो. दुसऱ्या एका पानावर पांढऱ्या केसांची एक बाई खुर्चीवरून उठत होती आणि बसत होती. बस, एवढंच. खाली लिहिलं होतं की हादेखील वजन उचलण्याचाच व्यायाम आहे, उचलायचं वजन म्हणजे आपण स्वतः.

प्रफुल त्या बाईकडं बघतच राहिला. गोपालनं पडदा सारून विचारलं, “का बे, कोण आहे?”

“म्हातारी आहे.”

“हट्,” म्हणून गोपाल निघून गेला.

त्या संध्याकाळी कुंताबाई चुलीपुढं झिंगे निवडत होती. प्रफुलनं वाचलेलं सगळं सांगितलं. उमाजी खाटेवरून ऐकत होता. ऐकतोय असं दाखवत मात्र नव्हता.

“कोण सांगते हे?” शेवटी त्याच्यानं राहवलं नाही.

“इंटरनेटवर आहे.”

“तो इंटरनेट कोणाचा पोरगा आहे? त्याले आला होता का मलेरिया?”

“एक जण नाई ना, बाबा. हजारो लोकाइनं लिहून ठेवलं. खरं-खोटं सारंच. त्यातलं कामाचं निवडून काढाचं, हेच मी करून राह्यलो तिथी.”

कुंताबाईचा हात थांबला. मुलगा काय काम करतो हे तिला पहिल्यांदाच कळत होतं. “मंग तुले कसं समजते, कामाचं कोणतं?”

“जो काही विकून राह्यला, त्याले पहिले बाजूले काढतो.”

“मीबी पहिले कचराच काढतो,” ती समाधानानं म्हणाली. “मंग बारीक पिल्लं. मंग जे उरते ते.”

उमाजीनं मान वळवली. “जाळ्यात तं सारंच येते. काडी येते, साप येते. निवडाले माणूसच लागते.” थोड्या वेळानं त्यानं विचारलं, “ते बाई कुठली आहे म्हणे? मासे खाते का?”

“ते नाई लिहिलं.”

“तेच तं लिहाले पायजे होतं.”

प्रफुलनं पान नव्यानं तयार केलं. सगळ्यात वर खुर्चीवरची बाई ठेवली. या वेळी पान परत आलं नाही.

इकडं उमाजीला चैन पडेना. गेलेलं मांस परत येतं तरी कुठून, हा प्रश्न त्याला छळू लागला. आटलेल्या तळ्यात पावसाळ्यानंतर मासे कुठून येतात, हे त्याला ठाऊक होतं; हे ठाऊक नव्हतं. कुंताबाई तळ्यावर गेली की तो खाटेच्या काठावर सरके, हात छातीशी धरी आणि उठून बघे. आधी नुसतं बूड हललं. मग एका दिवशी उठला आणि घाबरून लगेच बसला. मग उठून उभाच राहिला आणि घरात सांगायला कुणी नाही म्हणून त्यानं ते बकरीला सांगितलं.

हाताला भार हवा म्हणून त्यानं जुन्या जाळ्याच्या कडेची शिशाची वजनं काढली, कुंताबाईच्या फाटक्या लुगड्याची पिशवी करून तिच्यात भरली आणि ती खाटेखाली लपवली. लपवलेली वस्तू झाडताना बायकोला सापडते, हा नियम त्यालाही चुकला नाही.

“अजी, हे का होय?” तिनं पिशवी उचलली आणि धपकन खाली टाकली. “मरता का? रात रात तुमच्या उशाशी बसलो मी. देवाले हात जोडले. तो जीव असा फेकून द्याले?” बोलता बोलता तिला रडू फुटलं.

उमाजी एवढंच म्हणाला, “तुह्या हातानं पाणी पेतो, तं मले मेल्यासारखंच वाटते.”

तिनं पदरानं डोळे पुसले आणि पिशवी कोपऱ्यात सारली. पण दुसऱ्या दिवशी एसटीत बसवून तिनंच त्याला वरोऱ्याच्या डॉक्टरांकडं नेलं, पिशवीसकट. डॉक्टरांनी छाती तपासली, पिशवी हातात तोलून पाहिली आणि ते हसले. करू द्या म्हणाले, पण आधी अर्धी रिकामी करा, श्वास कोंडू नका आणि छातीत दुखलं की तिथंच थांबा. येताना कुंताबाई पिशवी स्वतःच्या मांडीवर घेऊन बसली होती.

मग ते उघड सुरू झालं. कुंताबाई समोर बसू लागली, आधी पहारा म्हणून, मग पाहायला म्हणून. खाटेवरून उठणं जमलं तेव्हा प्रफुल म्हणाला, आता त्याहून खालून. मग ओट्याची कड आली. ओटा जमला, मग दोन पाट एकावर एक, मग एकच पाट. जसजसं आसन खाली गेलं तसतसा उमाजी वर येत गेला. वाटेत वाईट दिवसही आले. एकदा पाटावरून उठताना तो कलंडला आणि चार दिवस कुणाशी बोलला नाही. पण भूक वाढली, झोप लागू लागली आणि एका सकाळी त्यानं लोटा स्वतः भरून घेतला. ते बघून कुंताबाईनं तोंड फिरवलं आणि उगाच बकरीला शिव्या दिल्या. तिचेही गुडघे कुरकुरायचे. घरात कोणी नसताना ती पिशवी उचलून बघते, हे बापलेकांना माहीत होतं. दोघांनीही तिला तसं कळू दिलं नाही.

चैत्रात प्रफुल एका दुपारी लवकरच घरी आला. वेबसाइट बंद झाली होती. माणसांनी निवडायला फार वेळ लागतो, आता यंत्रच सगळं करील, असं कळवलं होतं त्यांनी. त्याची सारी पानं पुसली गेली होती. कुत्र्याचं खाणं गेलं, टक्कल गेलं. त्याचं वाईट वाटलं नाही, पण ती खुर्चीवरची बाई गेल्याचं त्याला फार लागलं. कुठंतरी कुणाचा तरी बाप अजून शोधत असेल आणि त्याच्यापुढं यंत्र तेलकट गडी आणि पावडरचे डबे टाकत असेल.

“ते पान आता कुठीच नाई?” उमाजीनं विचारलं.

“कुठीच नाई, बाबा.”

उमाजी बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. मुलाची समजूत काढण्याची त्याला सवय नव्हती. “वैशाखात जाळं ओढतेत,” तो म्हणाला. “मी येतो.”

वैशाखात तळं आटून मधोमध गोळा झालं होतं. सकाळीच महाजाळ पडलं. काठाकडचा दोर आता दुसऱ्याच्या हातात होता आणि तो परत मागण्यात अर्थ नव्हता, हे उमाजीला समजत होतं. तो दोराच्या अगदी शेवटी, कोरड्यात उभा राहिला आणि जेवढा हातात आला तेवढा दोर त्यानं मन लावून ओढला. कुंताबाई बायकांबरोबर निवडायला बसली होती, पण तिचं लक्ष मासळीत नव्हतं. तिच्या टोपलीत काडीकचरा तसाच पडत होता.

वाटे पडले. सगळे मातीत बसले. उमाजीही बसला, पाट नाही, ओटा नाही, सरळ जमिनीवर. देवाजी नावं घेऊ लागला. एकेक जण उठला, वाटा घेऊन बाजूला झाला. नावं संपली. उमाजीचं नाव आलंच नाही. घरी न्यायच्या वाट्यांची रांग वेगळी लावली होती आणि त्याचं पुडकं सवयीनं तिथंच बांधून ठेवलेलं होतं.

देवाजीच्या ते लक्षात आलं आणि तो ओशाळला. “असू द्या भाऊ, बसा, मी आणून देतो,” म्हणत तो पुडकं उचलून निघाला.

“तिथीच राह्य,” उमाजी म्हणाला. “नाव घे.”

प्रफुल बापाला हात द्यायला पुढं झाला.

“हात मांगं घे.”

“उमाजी...” देवाजीनं नाव घेतलं.

उमाजीनं पाय जवळ ओढले, तळवे मातीत रोवले, छाती पुढं घातली. मांड्या थरथरल्या. अर्ध्यावर तो अडकला. तिकडं कुंताबाई स्वतःच अर्धी उठली होती. मग त्यानं श्वास सोडला आणि तो उभा राहिला. चालत जाऊन त्यानं ओंजळ पुढं केली. ओंजळीत वाटा पडला तेव्हा त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते पुसले नाहीत, कारण हात भरलेले होते.

तो लगेच परतला नाही. घरी न्यायच्या रांगेतलं एक पुडकं त्यानं हनुवटीनं दाखवलं. “वारलूचा आहे ना? दे. मी नेतो.”

वारलू त्याच्या जोडीचा. दोन उन्हाळे झाले, घसरून पडला तेव्हापासून तो खाटेवर होता. त्याचं घर काठापासून लांब नव्हतं, पण उमाजीनं ते अंतर दोनदा थांबून कापलं. प्रफुल मागं मागं चालत होता.

“कोण आहे?” वारलूनं आतून विचारलं.

“मी आहे, उमाजी.”

“तू कसा आला गा? कोणी आणलं?”

उमाजीनं पुडकं खाटेच्या कडेला ठेवलं. वारलूच्या सुनेनं बसायला खाटेशेजारी स्टूल आणून ठेवलं. ते त्यानं पायानं बाजूला सारलं आणि तो मुद्दाम खाली, सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसला.

“आता पाह्य, मी कसा उठतो ते,” तो म्हणाला.

वारलूनं उशीवरची मान उचलली.