‘रिलीव्ह’चा अर्थ

स्टेशनचे शांतीलाल मास्तर यांनी बदली माणूस मागणारी तिसरी तार पाठवली आणि यंत्रावरून हात काढला. खिडकीबाहेर सुकलाल उत्तराची वाट पाहत उभा होता.

नंदुरबार आणि नवापूरच्या मधलं हे लहानसं स्टेशन. सुकलाल इथे अकरा वर्षं सांधेवाला होता. रूळ बदलून गाडी आत घ्यायची, गेली की रूळ पुन्हा जागेवर आणायचे. १९१८च्या कार्तिकात मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ पसरली. गावाकडे असलेल्या त्याच्या बायकोला, फुलीबाईला, तिचा भाऊ दलपत यानं बैलगाडीत घालून नंदुरबारला नेलं. तिथल्या धर्मशाळेत आजाऱ्यांची सोय केली होती. परवा मालगाडीच्या गार्डनं निरोप आणला : तिला धाप लागलीय, तुझं नाव घेतेय.

तारेचं उत्तर आलं. बदलीची माणसं स्वतःच अंथरुणाला खिळलेली. कोणी मिळाल्याशिवाय सुकलालला रिलीव्ह करता येणार नव्हतं.

मास्तरांनी वाचून दाखवलेल्या तारेतला ‘रिलीव्ह’ हा एकच इंग्रजी शब्द सुकलालच्या कानाला ओळखीचा होता.

"मास्तरसाहेब, त्या शबदना अर्थ काय शे?"

आज याला हे काय सुचलं, असं मास्तरांना वाटलं. पण नाही म्हणवेना. कपाटातला जाड कोश काढून त्यांनी वाचून सांगितलं. कामावरून मोकळं करणं, हा एक अर्थ. दुखणं हलकं करणं, हा दुसरा. औषधानं कळ थांबली तरी साहेबलोक हेच म्हणतात. शब्द मूळचा लॅटिनमधला. तिथे त्याचा अर्थ पुन्हा वर उचलणं, भार कमी करणं.

"म्हंजे माले आनि तिले एकच शबद?"

मास्तरांनी मान हलवली. त्यापुढे त्यांच्या हातात काही नव्हतं.

नंदुरबार सात कोसांवर. पायी निघून जाता आलं असतं. पण साडेतीनची पॅसेंजर यायची होती, आणि तीत माणसं होती. सुकलाल सांध्याकडे चालत गेला.

तीन दिवसांनी सकाळच्या गाडीनं दिवाल्या नावाचा बदली सांधेवाला उतरला. नुकताच तापातून उठला होता, अजून खोकत होता. मास्तरांनी वहीत एक ओळ लिहिली, सुकलालचा अंगठा घेतला आणि त्याला त्याच गाडीत बसवलं.

धर्मशाळेच्या ओट्यावर दलपत एकटाच बसला होता. लाकडं मिळत नव्हती, म्हणून आदल्या संध्याकाळी फुलीबाईसह चौघांना एकाच चितेवर ठेवलं होतं.

पाचव्या दिवशी सुकलाल परतला. दिवाल्या सांध्याजवळ दगडावर बसला होता. ताप उलटला होता. सुकलालनं त्याला उठवलं, आता घरी जा म्हणून सांगितलं. दिवाल्यानं चालता चालता वहिनीचं विचारलं.

"सुटनी ती," सुकलाल म्हणाला.

फलाटापर्यंत त्यानं दिवाल्याचा दंड सोडला नाही.