शर्यतीच्या आठवड्यातला टायर

मी टायर बोलतोय. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा. उजनीच्या काठावर ऊस वाहता वाहता माझी नक्षी झिजली, मालकाने मला काढून टाकले आणि मी सोलापूरच्या एका क्रीडा संस्थेच्या मैदानावर आलो. तिथे मला भोक पाडून दोर ओवला. दोराचे दुसरे टोक धावणाऱ्या मुलींच्या कमरेच्या पट्ट्याला.

पावसाळाभर मुलींनी मला ओढले. सगळ्यात जास्त सृष्टीने. ती सांगोल्याकडची, घरी मेंढरं, शर्यत शंभर मीटरची. तिचे चवडे मातीत रुतायचे. "लई माजलाय ह्यो टायर," म्हणायची आणि पुन्हा ओढायची.

थंडीत शर्यती सुरू झाल्या आणि प्रशिक्षक मायाक्का मॅडमनी माझे काम कमी केले. शर्यतींच्या दिवसांत ताकद वाढवायची नसते, टिकवायची असते. मोजके वजन, मोजक्या पण पूर्ण वेगाच्या धावा, मध्ये भरपूर विश्रांती. शर्यतीच्या आठवड्यात तर मला हातही लावायचा नाही. मी भिंतीशी पडून असायचो, आणि ते बरोबर होते.

राज्य स्पर्धेच्या आठवड्यात संस्थेचे अध्यक्ष शिवयोगी अण्णा फोटोग्राफर घेऊन आले. या स्पर्धेतून महाराष्ट्राच्या संघात निवड झाली, तरच सृष्टीची वसतिगृहातली जागा राहणार होती. नाहीतर परत मेंढरांमागे.

अण्णांची नजर माझ्यावर पडली.

"साहित्य धूळ खातंय. पोरी काय फिरायला येतात हितं?"

"अण्णा, रविवारी शर्यत आहे," मॅडम म्हणाल्या. "उभ्या पिकात कुणी नांगर घालतं का?"

"घाम दिसला पाहिजे, बाई. पेपरवाले झोपलेल्या पोरींचा फोटो छापत न्हाईत."

मॅडम माझ्यासमोर आडव्या उभ्या राहिल्या. मग अण्णा सृष्टीकडे वळले. "तू वसतिगृहात राहतीस न्हवं?"

एवढे पुरे झाले. "वडते की मी, म्याडम," सृष्टी म्हणाली. "तुमी नका बोलू."

जोर दिसावा म्हणून माझ्यावर वाळूचे पोते टाकले. पहिला फोटो हलला. दुसऱ्यात म्हणे अण्णाच दिसेनात. तिसऱ्या खेपेला दोर ताणला आणि एकदम सैल पडला. सृष्टी मांडीचा मागचा भाग धरून मातीत बसली होती.

फोटो छापून आला. पहारेकऱ्याने माझ्यावरच बसून तो मोठ्याने वाचला: 'जिद्दीला सलाम.' लिहिणाऱ्याने मैदानावर येऊन एक प्रश्न विचारला असता, तर हे दोन शब्द लिहायला त्याचा हात धजला नसता.

रविवारी सृष्टी मांडी बांधून धावली आणि अर्ध्यात थांबली. त्याच आठवड्यात तिने पेटी उचलली. मॅडमना 'मुलींचे लाड करतात' म्हणून काढले. अण्णांच्या खोलीत तो फोटो चौकटीत लागला आहे.

टाकून दिलेल्या वस्तू बहुधा एकच रडगाणे गातात: आम्हाला कुणी वापरत नाही. माझी तक्रार उलटी आहे. टायर पडलेला दिसता कामा नये, असा आता इथे हुकूम आहे. म्हणून रोज ओढतात, शर्यत उद्या असली तरी.

आज दोराला बुद्धप्रिया आहे. तिची निवड चाचणी परवा. मघापासून ती मांडी चोळते आहे, आणि नवे प्रशिक्षक तिला जिद्दीची गोष्ट सांगताहेत.

तुम्हाला हात आहेत. येऊन तिच्या कमरेचा पट्टा सोडा.