घरी सांगितलेले दोन दिवस

विमानाची तिकिटं विकण्यात माझी अकरा वर्षं गेली. कोणतंही शहर सांगा, अंतर आणि वेळ मला तोंडपाठ. माझं घर इथून साडेसात हजार किलोमीटर. थेट विमानाने नऊ तास दहा मिनिटं, या दारातून त्या दारात तेरा तास. हे गिऱ्हाइकांना सांगायचो. घरी सांगायचो, दोन दिवस.

पहिल्यांदा खोटं बोललो ते निव्वळ आळसापोटी. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मला सुट्टी मिळत होती, पण मित्रांबरोबर समुद्रावर जायचं ठरलेलं. म्हटलं, दोनदा विमान बदलावं लागतं, जायला दोन दिवस, यायला दोन, मग राहणार किती? बाबांनी लगेच मानलं. ते बस डेपोत कंट्रोलर होते. सारी हयात फळ्यावर गाड्यांच्या वेळा लिहिण्यात गेलेली. सांगितलेली वेळ म्हणजे त्यांच्या लेखी काळ्या दगडावरची रेघ. शेजाऱ्याने एकदा शंका काढली तर त्यालाच झापलं, माझा मुलगा तिकिटंच विकतो, त्याला काय शिकवता! आईने हे फोनवर कौतुकाने सांगितलं आणि मीही हसलो, निर्लज्जासारखा.

पुढे ते दोन दिवस मला फार कामाला आले. सहा वर्षांत दोनदाच घरी गेलो. तेव्हासुद्धा आदल्या दिवशीच ‘निघालो’ म्हणून फोन केला आणि खोलीवर लोळत पडलो.

मंगळवारी, घरच्या वेळेने पहाटे पाचला, आईचा फोन आला. बाबा गेले होते. मिळेल ते पहिलं विमान पकडलं आणि संध्याकाळी घरात पाऊल टाकलं. आई बाबांच्या रिकाम्या पलंगाशेजारी बसली होती. मला बघून रडली, मग डोळे पुसून सगळं सांगू लागली.

“काल सकाळी आठलाच डॉक्टर म्हणाले, फार तर एक दिवस. मी तुला फोन लावत होते, तर यांनी हात धरला. म्हणाले, त्याला दोन दिवस लागतात, तोवर मी नसणार. वाटेत एकटाच रडत बसेल, तिथे त्याला कोण सावरणार? नंतर कळव.”

सकाळी आठ ते पहाटे पाच, एकवीस तास. त्यातून तेरा गेले, आठ उरले. आठ तास मी त्यांचा हात धरून बसलो असतो. जाता जाताही ते माझीच काळजी करत होते, आणि तीही माझ्या थापेवर विसंबून. मला स्वतःची शिसारी आली.

“पण तू इतक्या लवकर कसा पोचलास?” आईने विचारलं.

खरं सांगायला तोंड उघडलं. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि धीर सुटला.

“थेट विमान सुरू झालंय,” मी म्हणालो. “आजपासून.”

आईने पलंगावरची चादर हाताने सारखी केली.

“कालपासून झालं असतं तर भेट झाली असती रे तुमची,” ती म्हणाली. “असू दे. त्यात तुझा काय दोष?” आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.