न नाकारलेलं समन्स

चुलतबहीण फरहतचा गावाहून फोन आला. "बुशरा, तुमच्या आंब्याच्या वाडीला कोण कुंपण घालतंय? विकलीत की काय?"

बुशराने कुवेतमधल्या मंगफच्या आपल्या फ्लॅटमधूनच भावाला, तौफीकला फोन लावला. तो सहज म्हणाला, "आपा, वाडी आता माझी आहे. तू हिस्सा सोडलास. कोर्टाने निकाल दिलाय."

"मी कधी सोडला? आणि कुठलं कोर्ट?"

त्याने फोन ठेवला.

वडिलांच्या वाडीत बुशराचाही हिस्सा होता. तिने तालुक्याच्या वकील क्षितिजा यांना फोनवर गाठलं. त्यांनी कागद काढून पाहिले. बहिणीने तोंडी हक्क सोडला, असा दावा तौफीकने लावला होता. पत्ता गावच्या घराचा. समन्स पोचवणाऱ्या कोर्टाच्या बेलीफने लिहिलं होतं, 'प्रतिवादीने समन्स घेण्यास समक्ष नकार दिला.' मग कोर्टाने एकतर्फी हुकूमनामा दिला.

"कधी नकार दिला मी?"

वकीलबाईंनी तारीख सांगितली. बुशराने नवऱ्याकडे बघितलं. इद्रीसचा चेहरा लाल झाला. "तेव्हा तौफीक इथे होता! व्हिजिट व्हिसावर. याच सोफ्यावर झोपत होता. मी त्याला नोकरीसाठी दारोदार फिरवत होतो!"

त्या दिवसांत बुशरा रोज क्लिनिकमधल्या नोकरीवरून दमून यायची आणि त्याच्यासाठी पापलेट तळायची. तो दुसऱ्यांदा भात मागून घ्यायचा आणि बहिणीच्या हातचं काही वेगळंच, असं म्हणायचा.

"वरच्या कोर्टात जाऊ," ती दात ओठ खात म्हणाली.

"गरज नाही," वकीलबाई म्हणाल्या. "ज्या कोर्टाने हुकूमनामा दिला, तेच तो रद्द करू शकतं. समन्स तुम्हाला मिळालंच नव्हतं, एवढं पटवायचं. पण कळल्यापासून महिन्याभरात अर्ज हवा."

बुशराने रजा टाकली, दूतावासात जाऊन प्रतिज्ञापत्रावर शिक्के घेतले, पासपोर्टच्या प्रती पाठवल्या. सुनावणीला ती क्लिनिकच्या स्टाफरूममधून व्हिडिओवर हजर झाली. तौफीक कोर्टात वकिलामागे उभा होता.

त्याचा वकील म्हणाला, "साहेब, बाई तेव्हा गावी आल्या होत्या. आता उगाच कांगावा करताहेत."

बुशराला राहवलं नाही. "साहेब, त्या दिवशी मीही कुवेतला होते आणि हाही! माझ्या घरी जेवत होता. त्याचा पासपोर्ट मागवा."

न्यायाधीशांनी तिला मध्ये न बोलण्याची ताकीद दिली. मग तौफीककडे वळून विचारलं, "खरं आहे?"

तौफीकने मान खाली घातली. त्याचा वकील घाईघाईने कागद चाळू लागला.

एकतर्फी हुकूमनामा रद्द झाला. दावा पुन्हा सुरुवातीपासून चालणार होता, आणि तोवर वाडीला कुणी हात लावायचा नव्हता.

"म्हणजे मी जिंकले?" तिने नंतर विचारलं.

"नाही. तुम्हाला आता कुठे बोलायला मिळालं," वकीलबाई म्हणाल्या.

बुशराचा संताप आणखी पेटला. खोटं बोलणाऱ्याला काहीच नाही, आणि खरं बोलणारीने पुन्हा सगळं सिद्ध करायचं!

संध्याकाळी तौफीकचा फोन आला. "आपा, चुकलं माझं. घरातलं घरातच मिटवू. लोक काय म्हणतील?"

"माझं मीठ खाऊन तू मला कोर्टात खोटी पाडलीस. तेव्हा लोक नव्हते?"

"आपा, मी भाऊ आहे तुझा."

"कोर्टात तू वादी आहेस," बुशरा म्हणाली. "तारखेला ये. या वेळी मी हजर असेन."

तिने फोन ठेवला. इद्रीसने पाणी आणून दिलं. ते तिने घेतलं नाही. ती वकीलबाईंना फोन लावून आपलं म्हणणं सांगायला बसली, अगदी पहिल्यापासून.